देगलूरची काही खबर

अक्का, तुझ्या दिगंबरनं काल माझ्यापुढं कागद आणि पेन ठेवला. म्हणाला, काकू, घरात शिकलेल्या तुम्हीच, चार ओळी लिहून द्या, दहाव्याच्या दिवशी पेपरात छापायच्यात. मी लिहिल्या. प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू, सगळ्यांना धरून राहणारी. त्यानं वाचून डोळे पुसले, कागदाची घडी खिशात घातली आणि तुझा फोटो शोधायला आत गेला. त्याची पाठ वळल्यावर मला हसू आलं. तू असतीस तर तूही हसली असतीस आणि विचारलं असतंस, ही कोन बाई गेली गं, आपल्या वळखीची हाय का?

त्या चार ओळींत जे मावलं नाही ते इथं लिहिते आहे. हे छापायला द्यायचं नाही.

तुला 'तू' म्हणते म्हणून रागावू नकोस. लग्न होऊन या घरात धाकटी जाऊ म्हणून आले तेव्हापासून तुला 'अक्का, तुम्ही' म्हणत आले. सासूबाई गेल्या, आपल्या दोघींचे नवरे गेले, तरी अहो-जाहो सुटलं नाही. आता राख झालेल्या माणसाला कसला मान द्यायचा? शिवाय मला तुझ्याशी भांडायचंय, आणि अहो-जाहो करून नीट भांडता येत नाही, हे मी आयुष्यभर बघितलंय.

मागची सहा-सात वर्षं या घरात आपण दोघीच होतो. अहमदपुरात, धान्याच्या मोंढ्यामागच्या आपल्या गल्लीत याचं सगळ्यांना नवल. जावा जावा, उभा दावा, आणि या दोघी एका चुलीवर कशा राहतात, असं बायका मला आडून विचारायच्या. मी म्हणायचे, पोरं बाहेर आहेत, करणार काय. दिगंबर पुण्याला, माझी संगीता लातूरला क्लासच्या पोरांची खानावळ चालवते. दोघंही या या म्हणायची, आणि आपण गेलो की चौथ्या दिवसापासून गाड्यांच्या वेळा विचारायला लागायची. पण खरं कारण ते नव्हतं. मला तू डोळ्यांसमोर हवी होतीस. तुला म्हातारी होताना बघायचं होतं. तुझे दात पडले, केस गेले, हात थरथरायला लागले, आणि मी शेजारी बसून सगळं नीट बघितलं.

सकाळी पेपर दारात पडला की तू खाटेवरून हाक मारायचीस, "मास्तरीन, पयलं मयताचं वाच." तुला अक्षर ओळखू येत नव्हतं. आपल्या पेपरात लातूर आणि नांदेड दोन्हीकडच्या निधनवार्ता एकाच पानावर येतात. मी नाव, गाव, वय वाचायची आणि तू मांडीवरच्या सुपातली तूर निवडता निवडता निकाल द्यायचीस. हा बरा होता. हिनं सुनेला लई छळलं. ह्याचं लवकर झालं, बायको सुटली. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असं जग म्हणतं. तू नेमकी तेवढ्यासाठी सकाळची वाट बघायचीस.

मग बाकीचा पेपर. सोयाबीनचा भाव पडला, अमक्या नेत्यानं पक्ष बदलला, लातूरच्या चौकाचौकांत डॉक्टर होणाऱ्या पोरांचे फलक लागले. तो फोटो तुला दाखवला तर म्हणालीस, एवढी पोरं एकदम कशानं गेली? फलक म्हणजे श्रद्धांजलीचाच, अशी तुझी समजूत. एकदा बातमी होती की एका पोरानं म्हाताऱ्या आईला बसस्टँडवर सोडून दिलं. वाचताना माझा आवाज ओला झाला. तू सुपातला खडा उचलून अंगणात फेकलास आणि म्हणालीस, "तिनं त्याला ल्हानपनी कुठं कुठं सोडलं हुतं, ते पेपरवाला लिहीत न्हाई." आणि एका निवडणुकीच्या वेळी संगीतानं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला होता, कुठलासा मेलेला पुढारी मशीननं बोलता केलेला, मत मागणारा. तू तोंड फिरवलंस. मेल्यावर बी गप पडू देईनात, म्हणालीस. आता मीच तुला गप पडू देत नाही.

सगळा पेपर वाचून झाला की शेवटी एकच प्रश्न यायचा, रोज, न चुकता. "देगलूरची काही खबर?"

देगलूरला तुझा भाऊ. अण्णा. तुझ्या पाठचा, एकुलता. दर दिवाळीला एसटीनं यायचे, पिशवीत तुझ्यासाठी लुगडं आणि आपल्या सगळ्यांसाठी शेंगदाण्याची पोळी. या घरात मला 'ताई' म्हणून हाक मारणारा तो एकच माणूस होता. म्हातारपणी त्यांचे कान गेले, त्यामुळं फोनवर बोलणं बंद. तुझा खुबा मोडल्यापासून तुझं जाणं बंद. राहिला तो पेपर, आणि पेपर वाचणारी मी.

तुझ्या माझ्यातलं सगळं पेपरावरूनच सुरू झालं होतं. मी कंधारची, मॅट्रिक झालेली. नवी नवरी होते. गुळाला गुंडाळून आलेला पेपरचा तुकडा परसात उभी राहून वाचत होते. तू आलीस, हातातून घेतलास, चुरगाळून चुलीत घातलास आणि म्हणालीस, "आता वाच." त्या दिवसापासून मी मास्तरीण झाले. पुढं खरंच बालवाडीवर घ्यायची चिठ्ठी आली तेव्हा तू सासूबाईंना विचारलंस, ही लोकांची लेकरं शिकवाया गेली तर आपल्या भाकरी कोन थापणार? चिठ्ठी देवळीत पडून राहिली. हे मी विसरले असते. ताटात रोज शेवटची करपलेली भाकरी यायची, तीही विसरले असते. आईचं विसरले नाही.

आपल्या नणंदेचं लग्न होतं. हळद लागलेली, घर पाहुण्यांनी भरलेलं. त्या सकाळी कंधारला माझी आई गेली. पहिल्या एसटीनं चुलत्यांनी माणूस पाठवला. तो मांडवाच्या दाराशी तुलाच भेटला. तू त्याला बसवलंस, चहा पाजलास, सांगते मी तिला म्हणालीस, आणि उलट्या गाडीनं लावून दिलंस. लेकीला आईबापाचं तीन दिवसांचं सुतक. मला कळलं असतं तर लग्नघरात माझा हात कशालाच लावता आला नसता, आणि पुऱ्या लाटायला माझ्याइतका चलाख हात दुसरा नव्हता. मी तीन दिवस पुऱ्या केल्या. त्यातल्या पहिल्या दिवशी कंधारला आईला अंगणात ठेवून दिवस मावळेपर्यंत माझी वाट बघत होते. मी त्या वेळी कढईपुढं बसून बायकांच्या गाण्यात आवाज मिळवत होते. मला ते गाणं अजून येतं.

चौथ्या दिवशी मांडव उतरला. मी परसात मोठी पातेली घासत होते. तू आलीस आणि म्हणालीस, "हात धू. तुजी आय गेली."

मी कंधारला पोचले तेव्हा दारात कोणी पाणी दिलं नाही. चुलती म्हणाली, आईच्या मयताला न येणारी कसली लेक. मी सांगितलं, मला कळलंच नव्हतं. माणूस पाठवला होता, त्यानं सांगितलं, घरात निरोप दिला. कोण कोणावर विश्वास ठेवणार? चुलत्यांनी ते दार माझ्यासाठी लावलं ते लावलंच. वडील आधीच गेलेले, भाऊ मला नाही. आई गेली त्याच आठवड्यात माहेरही गेलं. भाऊबीजेला भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात, तशी मी ओवाळत आले. तू अंगणात येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचीस, आली बगा चंद्राची भन.

यावर आपला वाद चाळीस वर्षं चालला. माझं वाक्य एकच. अक्का, तुम्ही मला सांगायला पाहिजे होतं. तुझंही एकच. "सांगितलं असतं तर तुजी आय उठून बसली असती का?" पापड लाटताना झाला, तुझ्या नवऱ्याच्या तेराव्याला झाला, माझा नवरा दवाखान्यात होता तेव्हा बाकड्यावर बसून झाला. तुझं वाक्य एका शब्दानं बदललं नाही. मी दर वेळी नवीन काहीतरी बोलायचं ठरवून यायची आणि त्या वाक्यापाशी येऊन हातातल्या कामाकडं वळायची. उठून बसली नसती.

मग तू न्हाणीत पडलीस आणि खुबा मोडला. लातूरला ऑपरेशन झालं, चार पायांचा वॉकर घेऊन तू घरी आलीस. दिगंबर आठ दिवस राहिला आणि जाताना माझ्या पाया पडला. काकू, आईला तुमच्या हवाली करतो. मी म्हणाले, निर्धास्त जा.

निर्धास्त जा म्हणताना मला काय वाटत होतं ते आज लिहायला हरकत नाही. मला आनंद झाला होता. मी तुला चहा द्यायची, पण गार झालेला. भाकरी द्यायची, पण पापुद्रा कडक झालेली, तुझ्या हिरड्यांना टोचणारी. वॉकर खाटेपासून दोन हात लांब ठेवायची, चुकून राहिला असं दिसावं इतकाच लांब. एका सकाळी तू तीनदा हाक मारलीस. मी मिक्सर लावला. मिक्सर थांबवून आत आले तेव्हा खाट ओली झाली होती. मी चादर काढली, तुला पुसलं, दुसरं लुगडं नेसवलं. कासोटा खोचून झाल्यावर माझ्या तोंडाकडं बघून म्हणालीस, "आता शिकलीस."

त्यानंतर मी वॉकर जवळ ठेवायला लागले. दया आली म्हणून नाही. तू ओळखलं होतंस, त्यामुळं मजा गेली.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात, नागपंचमीच्या दोन दिवस आधी, पेपरात अण्णांचा फोटो आला. पागोटं घातलेला, जुना. खाली देगलूर, आणि आदल्या दिवशीच अंत्यसंस्कार झाल्याचं. तू सूप मांडीवर घेऊन बसली होतीस. आज कोन कोन गेलं, म्हणालीस. मी अण्णांच्या वरची बातमी वाचली, उदगीरची एक म्हातारी. मग अण्णांच्या खालची वाचली, मुखेडचा एक मास्तर. मधली चौकट तशीच सोडली. माझा आवाज कुठंही अडला नाही. तू विचारलंस, देगलूरची काही खबर? मी म्हणाले, नाही.

आत जाऊन मी देवघराशी उभी राहिले आणि देवाला म्हणाले, आता झालं. माझ्या आईचं झालं. मग कात्री घेऊन ती चौकट कापली आणि माझ्या पत्र्याच्या पेटीत ठेवली, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या हाती तो कागद लागून तुला कळायला नको.

मी ठरवलं होतं, तुझ्यासारखंच करायचं. चौथ्या दिवशी सांगायचं, तू जेवत असताना. हात धुवा अक्का, अण्णा गेले. चौथा दिवस आला. तू भाकरी कुस्करत होतीस. मी तुझ्या ताटात आणखी कालवण वाढलं. म्हटलं, दहाव्याला सांगू. दहाव्याला तू म्हणालीस, गोड नको, शुगर वाढली. म्हटलं, तेराव्याला. मग म्हटलं, दिवाळी होऊ दे. जितका उशीर केला तितकं सांगणं अवघड होत गेलं, कारण आता नुसतं अण्णा गेले एवढंच सांगायचं नव्हतं, मी इतके दिवस काय केलं तेही सांगावं लागणार होतं. आणि तू रोज सकाळी विचारत राहिलीस. देगलूरची काही खबर? मी म्हणत राहिले, नाही. सुरुवातीला त्या 'नाही'ची चव गोड होती. महिन्याभरात ती गेली. मग पेपर पडल्याचा आवाज आला की मी चुलीपाशी उगाच काहीतरी काम काढायला लागले. तू आज तरी विसरावंस असं वाटायचं. तू औषधाची गोळी विसरायचीस, नातवांची नावं विसरायचीस, तो प्रश्न विसरली नाहीस. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते मला पेपरानं शिकवलं.

देगलूरहून निरोप कसा आला नाही, याचं मला नवल वाटायचं. आपल्या घरचा जुना फोन बंद पडलेला, तुझ्या बटणांच्या फोनचा आणि दिगंबरचा नंबर त्यांच्याकडं नसेल, अशी मीच माझी समजूत घातली.

त्या दिवाळीत अण्णा आले नाहीत. येणार कसे? तू म्हणालीस, गुडघे दुखत असतील त्याचे. भाऊबीजेला दिवस मावळताना मी तबक घेऊन अंगणात गेले. चंद्र कोरभर होता, मोंढ्याच्या गोदामाच्या पत्र्यावर टेकलेला. मागून वॉकरचा टकटक आवाज आला. मला वाटलं, आली टोमणा मारायला. तू माझ्याशेजारी येऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, "दे, मलाबी जरा. तुळशीला ववाळते." मी तबक तुझ्या हाती दिलं. तू वॉकर एका हातानं धरून दुसऱ्या हातानं ओवाळलंस. तुळस आपल्या उजव्या हाताला होती. तू समोर बघत होतीस. मी तेव्हा एवढंच म्हटलं मनात, म्हातारीला दिशा कळेनाशी झाली.

तुझ्या शेवटच्या आठवड्यात ताप उतरत नव्हता. डॉक्टर म्हणाले, छाती भरली आहे, वयही झालंय. दिगंबरला कळवलं, तो निघाला. शेवटच्या सकाळीही तू म्हणालीस, वाच. मी वाचलं. तुझा श्वास घरघरत होता, निकाल द्यायची ताकद नव्हती, तरी एका नावावर तू ओठ वाकडे केलेस. मग डोळे मिटूनच विचारलंस, देगलूरची काही खबर? मी पेपर खाली ठेवला. तुझा हात माझ्या हातात होता, गरम. सांगायचं तर हीच वेळ होती. घरात तिसरं कोणी नव्हतं. मी म्हणाले, नाही अक्का. तू म्हणालीस, बरं. दुपारी तू गेलीस, आणि 'बरं' हा तुझा माझ्याशी बोललेला शेवटचा शब्द झाला.

दिगंबर पोचला, बायका जमल्या. तुला अंगणात घेतलं, पाणी तापवलं. मग एकीनं विचारलं ते, ज्याची मला दोन वर्षं भीती होती. माहेरचं लुगडं कोण आणणार? बाईला शेवटचं लुगडं माहेरचं, आणि माहेरचं माणूस आल्याशिवाय तिला उचलत नाहीत. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. दिगंबर म्हणाला, अण्णामामांना कळवलं का? त्यालाही माहीत नव्हतं. मी तुझा बटणांचा फोन घेतला. दिगंबरनं तुला शिकवून ठेवलं होतं, एक दाबलं की तो, दोन दाबलं की देगलूर; ते दोन तू दाबताना मी कधी बघितलं नव्हतं. मी दोन दाबलं. अण्णांच्या मुलानं, व्यंकटनं उचलला. मी म्हणाले, आत्या गेली रे. तो म्हणाला, निघालोच काकू. अण्णांचं नाव त्यानं घेतलं नाही, मीही घेतलं नाही.

तो येईपर्यंत तीन तास तुला अंगणात ठेवलं. मी उंबऱ्यात बसले होते. कंधारचं अंगण मी त्या दिवशी बघितलं नव्हतं, ते आता बसल्या जागी बघितलं. व्यंकट आला, पिशवीतून लुगडं काढून बायकांकडं दिलं, तुझ्या पायावर डोकं ठेवलं. दिगंबरनं विचारलं, मामा? व्यंकटनं त्याला बाजूला नेलं आणि काहीतरी सांगितलं. दिगंबरनं माझ्याकडं बघितलं नाही. म्हणजे माझं नाव निघालं नव्हतं.

सगळं उरकून माणसं परतली, अंघोळी झाल्या. व्यंकट माझ्यापाशी येऊन बसला. मी त्याला म्हणाले, बाबा, मी आत्याला सांगितलं नव्हतं. पेपरात वाचलं होतं, आणि सांगितलं नाही. हे मी दोन वर्षांत पहिल्यांदा कोणापुढं तरी बोलत होते.

तो चहाची बशी खाली ठेवून म्हणाला, "ठावं हाय काकू. अण्णा गेले त्याच सकाळी मी फोन केलता. तुमी गिरनीत गेलत्या. आत्या म्हनली, मला येनं होत न्हाई, थांबू नका, उचला."

त्या सकाळी मी दळण घेऊन आले तेव्हा तू हट्ट धरला होतास, डोक्यावरून पाणी घाल. एकदा अंघोळ झालेली. मी चरफडत तुला न्हाणीत बसवलं आणि तीन तांबे डोक्यावर ओतले, गार. ती सुतकाची अंघोळ होती. मीच घातली. नागपंचमीच्या आदल्या दिवशी बहिणी भावाचा उपवास करतात, तो तू त्या वर्षापासून सोडलास. मला म्हणालीस, डॉक्टर नको म्हणतात. आणि भाऊबीजेला अंगणात तू तुळशीला ओवाळलं नव्हतंस.

मी व्यंकटला विचारलं, मग मला का नाही सांगितलं? त्यानं बशी बाजूला सरकवली. मग म्हणाला, "मी लई बार इचारलं. तुमी बाजाराला गेल्या की आत्याच फोन लावायची. मी म्हनायचो, आत्या, आता काकूला सांगून टाक, कामून तिला तरास? तर म्हनायची, न्हाई, दिगंबरलाबी नको. लपवू दे तिला. लपवनारीला रोज कसं लागतंय, ते तिलाबी कळू दे."

अक्का, तू दोन वर्षं रोज सकाळी मला त्या पेपरापुढं उभं केलंस. माझ्या तोंडून रोज खोटं वदवून घेतलंस, मांडीवरची तूर निवडत. तुझ्या दुष्टपणाला तोड नव्हती आणि शेवटच्या दिवसापर्यंत त्यात घट झाली नाही. हे तुझं मोठेपण मी कबूल करते. पण त्या वाक्यात दुसरंही काही आहे, आणि ते मला झोपू देत नाही. लपवणारीला रोज कसं लागतं, हे तुला कुठून माहीत? ज्याचं जळतं त्याला कळतं. म्हणजे त्या पुऱ्यांच्या कढईपासून तुलाही लागत होतं. चाळीस वर्षं. आणि तू माझ्यापुढं ते एकच वाक्य टाकत राहिलीस, उठून बसली असती का. एकदा जरी म्हणाली असतीस, माझं चुकलं, तर मी पुढच्या क्षणी तुझे पाय चेपले असते. तू म्हणाली नाहीस. मीही शेवटच्या सकाळी सांगितलं नाही. आपण दोघी एकाच घाण्याचं तेल.

व्यंकटच्या पिशवीत अजून एक लुगडं होतं. ते त्यानं माझ्या मांडीवर ठेवलं. "हे तुमचं. आत्यानंच घ्यायला लावलंय, मागच्या साली. म्हनली, तिच्या येळंला तिला माहेरचं आननारं कोनी न्हाई. माज्यामुळं."

'माज्यामुळं'. तेवढा शब्द तू देगलूरला सांगितलास, इथं घरात नाही.

लुगडं पिवळं आहे. हळदीचा पिवळा. नणंदेच्या त्या लग्नापासून मी पिवळं अंगाला लावलेलं नाही, आणि हे या जगात एका तुलाच माहीत होतं. मी व्यंकटला विचारलं, रंग कोणी निवडला? म्हणाला, आत्यानंच सांगितला, दुसरा नको म्हनली. मला तिथं रडू फुटलं, अक्का. तू गेलीस तेव्हा आलं नव्हतं. बायका म्हणाल्या, जावेवर किती जीव. लुगडं मी घेतलं आहे, पेटीत ठेवलं आहे, आणि ते मला नेसवायचं म्हणून संगीताला सांगूनही ठेवलं आहे. ती म्हणाली, आई, काहीतरीच बोलू नकोस.

आज आठवा दिवस. तुझ्या जागी पिठावर दिवा ठेवलाय, दहा दिवस विझू द्यायचा नाही. सकाळी पेपर दारात पडला. दिगंबर अजून उठला नव्हता. मी पेपर घेतला, मग तो बाजूला ठेवला आणि पेटीतून ती जुनी चौकट काढली. घडीवर फाटायला आली आहे. दिव्यापुढं बसले, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचली. अण्णांचं नाव, देगलूर, वय, मागं कोण कोण आहे ते, सगळं. एक अक्षर गाळलं नाही.

सांगितलं, अक्का. आता उठून बस.